मागायची वाटी

आमच्या बिल्डिंगसमोर सामानाने भरलेला टेम्पो येऊन थांबला, की माझी आई हातातलं काम टाकून वाटी शोधायला लागायची. खाली अजून कपाट उतरलेलं नसायचं, गाद्यांच्या वळकट्या धुळीत पडलेल्या असायच्या, नव्या घराची मालकीण "अहो जपून, आरसा आहे त्यात!" म्हणून हमालांवर ओरडत असायची, आणि तेवढ्यात आई पदर खोचून तिच्यासमोर हजर व्हायची.

"नमस्कार हो. मी पहिल्या मजल्यावरची परब. वाटीभर साखर मिळेल काय?"

समोरची बाई आधी आईकडे बघायची, मग वाटीकडे आणि शेवटी नवऱ्याकडे. ज्यांची चूल अजून टेम्पोत आहे त्यांच्याकडे कोणी साखर मागेल, हे त्या बिचारीच्या स्वप्नातसुद्धा आलेलं नसायचं. पण नव्या जागी पहिल्याच दिवशी नाही कसं म्हणायचं? मग बोचकी सुटायची, डबे उघडायचे. एकदा एका घराची साखर बादलीत, चपलांच्या खाली सापडली होती. आईने ती आनंदाने आणली.

आणि आमच्या घरात साखरेचा डबा काठोकाठ भरलेला असायचा. बाबांचा जीव या एका गोष्टीपायी अर्धा व्हायचा.

"अगो, घरात डबो भरलेलो आसा! लोकांका काय वाटात? परब उपाशी मरतत?"

"तुमका काय कळता त्यातला? तुमी पेपर वाचा."

"त्यापेक्षा एक झोळी शिवून घे. वाटीत कितीसा मावतला?"

बाबांची गिरणी बंद पडल्यावर ते मरोळच्या एका कारखान्यात लागले होते. गिरणी गेली, मुकादमाचा मान गेला, राहिली ती अब्रू, असं ते म्हणायचे, आणि ती अब्रू आई वाटीत घालून दारोदार फिरवते अशी त्यांची तक्रार होती. ही वाटीसुद्धा ठरलेली होती. स्टीलची, एका बाजूला चेपलेली, काठावर 'सौ. शे. वि. परब' असं कोरलेली. आमच्या घरात तिला 'मागायची वाटी' म्हणत. तिच्यातून आमटी खाल्लेली आईला चालत नसे.

तुम्हाला वाटेल, बाईला दुसरा उद्योग नसेल. तर तसं मुळीच नव्हतं. पहाटेच्या अंधारात ती उठायची ती मरोळच्या कारखान्यांतल्या लोकांचे जेवणाचे डबे करायला. डबे गेले की आमचं घर, घर झालं की बिल्डिंग. वरच्या सावंतांच्या सासूच्या पायाची पट्टी बदलायची आई, रेशनच्या रांगेत चार घरांच्या पिशव्या घेऊन उभी राहायची आई, गच्चीवरची टाकी धुवायला पुरुषांची टाळाटाळ चालली की साडी गुडघ्यापर्यंत खोचून टाकीत उतरायची तीही आईच. मे महिन्यात मसाला कुटायला घेतला की अख्ख्या बिल्डिंगला शिंका यायच्या, पण तक्रार करायची सोय नसायची, कारण मसाला प्रत्येकाच्या घरी जायचा. आई बसलेली मी बघितली ती फक्त तांदूळ निवडताना. बाकी वेळ ती उभी तरी असायची, नाहीतर चाललेली तरी असायची.

मागून आणलेली साखर दुसऱ्या दिवशी परत जायची, तीही शिगोशीग. सोबत कधी दोन घावणे, कधी मूठभर आमसुलं. हे सगळं करून पदरात काय पडायचं, हे बाबांप्रमाणे मलाही कळत नव्हतं. मी तेव्हा नुकतीच बी.कॉम. होऊन मरोळच्याच एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले होते. माझ्या ओळखीच्या मुलींच्या आया पाहुण्यांपुढे बशीतून चिवडा ठेवायच्या. माझी आई पाहुण्यांकडेच वाटी घेऊन जायची.

एकदा मात्र तिची चांगलीच फजिती झाली. दुपारी टेम्पो आलेला दिसला, आई वाटी घेऊन धावली, एका गुजराती बाईने हसून साखर दिली, आई वर आली. दुसऱ्या दिवशी परत करायला गेली तर खोलीला कुलूप. टेम्पो सामान घेऊन आला नव्हता, न्यायला आला होता. ती माणसं बिऱ्हाड हलवून कायमची बडोद्याला गेली होती! आईला अन्न गोड लागेना. "लोकांची साखर माझ्याकडे ऱ्हवली," हे एकच पालुपद. शेवटी तळमजल्यावरच्या शहाबेनचा दीर बडोद्याला जायला निघाला, तेव्हा त्याच्या पिशवीत आईने साखरेची पुडी आणि आमसुलं कोंबली. त्याने ती माणसं कशी शोधली देव जाणे, पण पुढे त्यांच्याकडून आईला निरोप आला की आमसुलांची कढी फार छान झाली. बाबा म्हणाले, "आता बडोद्यापर्यंत कळला, परबांकडे साखर नाय."

बरं, सगळीकडे साखरच मागायची असंही नव्हतं. त्यात आईचं एक तंत्र होतं. तळमजल्यावर सांगलीकडची तीन पोरं भाड्याने राहायला आली. खोलीत एक स्टो, एक आरसा आणि एका पहिलवानाचं कॅलेंडर. आईने दारातून नजर फिरवली आणि वाटी पदराआड लपवली.

"रद्दी आहे काय रे? कपाटात घालायला हवी होती."

पोरांकडे रद्दी मात्र भरपूर होती. त्यांनी हौसेने गठ्ठा वर आणून दिला. आमच्या घरात आधीच इतकी रद्दी होती की बाबांना पाय ठेवायला जागा नव्हती. पण पंधरवड्यात त्यातल्या एकाला ताप भरला, तेव्हा दुसरा बेधडक आमच्या दारात उभा. "काकी, तापाची गोळी आहे का? आणि जरा भात कसा करतात ते सांगा ना." ती पोरं पुढे आमच्याकडेच जेवायला लागली.

कोपऱ्यातल्या खोलीत करकरे म्हणून एक निवृत्त गृहस्थ एकटे राहायचे. कुणाशी बोलणं नाही, हसणं नाही. मुलं जिन्यात खेळली की दार उघडून नुसते बघायचे, आणि मुलं पळून जायची. त्यांच्याकडे आई साखर मागायला गेलीच नाही. ती गेली आणि म्हणाली, "किती वाजले हो? आमचं घड्याळ मागे पडतं."

करकऱ्यांनी खिशातून साखळीचं घड्याळ काढलं, निरखून बघितलं, आणि तास-मिनिटं सांगून दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला आई पुन्हा हजर. बाबांना हे कळल्यावर ते खरोखर दुखावले. रोज सकाळी रेडिओवर वेळ ऐकून ते आमच्या घड्याळाला चावी द्यायचे.

"माझा घड्याळ मागे? माझा?"

"तुमचा बरोबर आसा हो. तुमी गप ऱ्हवा."

असं बरेच दिवस चाललं. मग एकदा डब्यांच्या गडबडीत आई जायची विसरली. थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. करकरे इस्त्रीचा सदरा घालून उभे. "अकरा वाजून गेले, परबबाई," असं काहीसं रागावून म्हणाले आणि जिना उतरून निघून गेले. पुढे त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा डोळ्यांत थेंब घालायला त्यांनी आईलाच हाक मारली. तोवर जिन्यातली मुलंही त्यांना वेळ विचारून सतवायला लागली होती.

असा आईचा कारभार बिनबोभाट चालला होता. मग उषा आली.

आमच्याच मजल्यावर, गॅलरीच्या टोकाच्या खोलीत वानखडे म्हणून नवराबायको राहायला आले. अकोल्याकडचे. नवरा औषधाच्या कारखान्यात पाळीवर. बायको उषा, वयाने माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल, सडपातळ, आणि पोट दिसायला लागलेलं. सामान बेताचंच होतं. आई नेहमीप्रमाणे वाटी घेऊन गेली. उषाच्या पाठीमागे खिडकीत काचेची बरणी ठेवलेली होती, आणि बरणीत साखर होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर लावून झाली होती.

"वाटीभर साखर मिळेल काय गं?"

"नाही," उषा म्हणाली.

'संपली' नाही, 'अजून काढली नाही' नाही. नुसतं नाही. आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, अगदी हळू लावलं.

आई रिकामी वाटी घेऊन परत आली. असं कधी झालेलं मला आठवत नव्हतं. बाबांनी पेपर खाली केला, आईचा चेहरा बघितला, वाटी बघितली, आणि ते जे हसत सुटले ते त्यांना ठसका लागेपर्यंत. आईने त्यांना पाणीसुद्धा दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईने मीठ मागितलं. नाही. मग काडेपेटी. नाही. सुई-दोरा. नाही. अखेर तिने करकऱ्यांवर चाललेला उपाय काढला आणि वेळ विचारली.

"आत्ताच तर कंपनीचा भोंगा वाजला," उषा म्हणाली, आणि दार पुन्हा हळू लागलं.

बाबांची तर दिवाळी चालू होती. कामावरून आल्यावर चपला काढता काढता पहिला प्रश्न, "काय मग? आज काय नाय मिळाला?" आई कांदा चिरायला घ्यायची. आमच्या घरात त्या दिवसांत कांदा फार चिरला गेला.

एकदा सावंतकाकी खाली आल्या. त्या आमच्याच गावाकडच्या, आईची जिवाभावाची मैत्रीण. त्यांनी इकडेतिकडे बघून आवाज बारीक केला. "तू तेंच्याकडे कित्याक जातंस गो सारखी? आणि दिल्यान साखर, तरी तू ती खातलंस काय?"

आई म्हणाली, "कित्याक नाय खातलंय? साखर रेशनची. तुझी आणि तेची एकाच पोत्यातली आसतली."

सावंतकाकींनी विषय बदलला. पण आईच्या डोक्यात काहीतरी शिरलं असावं. त्याच दुपारी गॅलरीत उषा कपडे वाळत घालत होती. रविवार असल्यामुळे मीही आमच्या दोरीपाशी होते, म्हणून सगळं माझ्या कानावर पडलं. आई तिच्याजवळ गेली. हातात वाटी नव्हती.

"काय गं, माझं काही चुकलं का? चुकलं असलं तर सांग. मी फटकळ बाई आहे, मला सांगितलेलं चालतं."

उषाने ओल्या चादरीचं टोक झटकलं. मग आईकडे न बघता बोलायला लागली.

"आधी आम्ही कुर्ल्याला होतो. तिथं पण शेजारची बाई आली होती, साखर मागाले. मी दिली. मले बरं वाटलं, आल्या आल्या कुणी तरी आलं म्हणून. मग तिनं जाता जाता आडनाव विचारलं. दुसऱ्या दिवशी तिच्या मोरीच्या नालीत मुंग्याच मुंग्या. सगळी साखर ओतली होती तिनं." तिने चादर दोरीवर टाकली आणि चिमटे लावले. "द्यायचं जिवावर येतं असं नाही बाई. पण आपण दिलेलं नालीत पाहाचं, ते मले आता जमत नाही. तुम्ही ओतणार नाही, हे मले कसं कळणार?"

 आई चादरीच्या अलीकडूनच घरात आली. वाटी धुतली, पुसली आणि फळीवर पालथी घातली.

त्यानंतरच्या दिवसांतही आईची कामं चालूच होती. डबे होत होते, टाकी धुतली जात होती, सावंतांच्या सासूची पट्टी बदलली जात होती, पण भाकरी थापता थापता तिचा हात मध्येच थांबायचा आणि नजर गॅलरीच्या टोकाकडे जायची. मला ते बघवेना. एका संध्याकाळी ती खाली भाजी घ्यायला गेल्यावर मी बाबांना म्हटलं, "तिला सांगा ना, सोड म्हणावं. नसेल त्या उषाला यायचं-जायचं, तर राहू दे. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

मला वाटलं, बाबा काहीतरी चेष्टा करतील. त्यांनी पेपरची घडी घातली.

"लग्नानंतर आमी कुर्ल्याक ऱ्हवत होतंव," ते म्हणाले. "चाळीत. तुझ्या आईक गावसून येवन थोडेच महिने झालेले. कोणाची वळख नाय, मुंबयची भाषा नाय. माझी दुसरी पाळी. दुपारी हिच्या पोटात दुखूक लागला. दिवस भरलेले नव्हते. बाजूच्या बिऱ्हाडात माणसा होती, मधे नुसती फळयेची भिंत. तेंचो रेडिओ हिका ऐकाक येय होतो. पण ही हाक मारूक लाजली. वळख नाय, कसा बोलवूचा? तशीच पडान ऱ्हवली." बाबांनी पेपर मांडीवर सारखा केला. "मी येयसर सगळा होवन गेलला. झील होतो. पयलो."

मला एक भाऊ होता, हे मला त्या संध्याकाळपर्यंत ठाऊक नव्हतं.

"शेजारची बाई रडान रडान सांगा होती, पोरी, भिंतीर एक थाप तरी मारूची होतीस. तेवापासून ही मागता. नवीन माणूस पयला मागना नाय, लाजता. आपण आधी मागला काय तेची भीड मोडता. असा तेचा म्हणणा." त्यांनी पेपर पुन्हा उघडला. "मी आरडतंय तेच्यार. आरडू नको तर काय करू?"

मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उषाचा नवरा पाळीवर. तिची आई अकोल्याहून यायची होती, असं वानखड्यांनी बाबांना सांगितलं होतं, पण ती दिवस भरत आले की येणार. तोवर ती टोकाची खोली, ते हळूच लागणारं दार, आणि आत ती एकटी. वेळ आधीच आली, तर ती कुणालाही हाक मारणार नव्हती. माझ्या आईला साखर नको होती. तिला ती हाक हवी होती.

पुढच्याच दिवशी आईने डाव बदलला. दुपारी सुपात तांदूळ घेतले, गॅलरीच्या टोकाला गेली आणि उषाच्या उंबऱ्याबाहेर फतकल मारून बसली.

"इथे वारा छान येतो हो," ती बंद दाराला म्हणाली.

गॅलरी सगळ्यांची, त्यामुळे उषाला काही म्हणता येईना. आई रोज बसायला लागली. एकटीच बोलायची. सावंतांच्या सासूचा पाय, सांगलीच्या पोरांचा करपलेला भात, बडोद्याला गेलेली साखर. बडोद्याच्या गोष्टीला आतून हसल्यासारखा आवाज आला, असं आईने रात्रीच्या जेवणाला आम्हाला शपथेवर सांगितलं. काही दिवसांनी दार किलकिलं झालं, मग उघडंच राहायला लागलं. आईने मात्र तोंडातून काही मागितलं नाही.

मग एका दुपारी उकाड्याने जीव नकोसा झाला होता. मी ऑफिसातून लवकर आले होते. आईने पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "घोटभर पाणी देतेस गं?"

उषाने आईकडे एकदा निरखून बघितलं. मग आत गेली आणि पेला भरून घेऊन आली.

आता आमच्या घरी पाणी प्यायचं ते वरून. भांड्याला तोंड लावलं की आई धपाटा घालायची, मग ते मूल असो की पाहुणा. त्या दिवशी माझ्या आईने तो पेला ओठांना लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत घटाघटा पाणी प्यायली. उषाने पेला परत घेतला. सुपात वाकून बघितलं.

"तुमच्या तांदळात खडे फार आहेत," ती म्हणाली, आणि पोट सांभाळत समोर बसून निवडायला लागली.

त्यानंतर दोघींचं बरं जमलं. उषा बोलायला लागली, आणि बोलायला लागल्यावर कळलं की ती आईपेक्षा फटकळ आहे. आईच्या मसाल्यात तिखट कमी पडतं, हे तोंडावर सांगायची हिंमत मरोळमध्ये तिने एकटीनेच केली. आईने दिलेलं ती खायची, स्वतः केलेलं द्यायचीही. पण मागायची मात्र काही नाही. आई म्हणायची, "काही लागलं तर हाक मार हां." ती म्हणायची, "काही लागत नाही मले." बाबांची चेष्टा केव्हाच बंद झाली होती. आता ते चपला काढता काढता हळूच विचारायचे, "अजून काय मागल्यान नाय?" आई मान हलवायची.

उषाची आई यायला अजून अवकाश होता. एका रविवारी दुपारी बांगड्याचं तिकलं ओरपून बाबा घोरत पडले होते. मी इस्त्री करत होते. आई मोरीत भांडी घासत होती. दारावर थाप पडली, अगदी हलकी. मी दार उघडलं.

उषा उभी होती. एका हाताने तिने चौकट घट्ट धरली होती. कपाळावर घामाचे थेंब, ओठ पांढरेफटक. दुसऱ्या हातात एक वाटी होती.

"काकी," ती माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाली. तिने आईला काकी म्हटलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. "वाटीभर साखर मिळेल का?"

आई राखेच्या हातांनी बाहेर आली. तिने वाटीकडे बघितलं, मग उषाच्या तोंडाकडे.

"मिळेल की," ती एकदम मऊ आवाजात म्हणाली. "का नाही मिळणार? ये, बस हं." आणि मग तिने वळून जी आरोळी ठोकली ती तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली. "अहो! उठा! रिक्षा आणा! धावा!"

बाबा बनियन-लेंग्यावर, पायात चप्पल न घालता धावले आणि रिक्षावाल्याच्या शेजारीच बसून परत आले. करकरे घड्याळ हातात घेऊन जिन्यात उभे होते आणि "वेळ वाया घालवू नका" म्हणून सगळ्यांच्या वाटेत येत होते. सांगलीची पोरं वानखड्यांना बोलवायला कारखान्याकडे पळाली. आई, उषा आणि मी मागे बसलो.

"कधीपासून दुखतंय?" आईने विचारलं.

"सकाळपासून."

"सकाळपासून? आणि आत्ता येतेस, शहाणे?"

उषाने कळ सोसली, श्वास सोडला. "वाटी सापडत नव्हती, काकी."

 आईने उषाचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि प्रसूतिगृह येईपर्यंत धरून ठेवलं. वाटी मी घेऊ बघत होते, पण उषा ती सोडेना. दारात नर्सने विचारलं, "हे काय आणलंय?" आई गंभीरपणे म्हणाली, "काही नाही. साखर मागायला निघाली होती."

संध्याकाळच्या आत मुलगी झाली. दोघी सुखरूप. वानखडे धापा टाकत आले, बायकोला बघितलं, लेकीला बघितलं आणि आईच्या पाया पडायला वाकले, तर आईने त्यांना वरच्या वर उभं केलं. "माझ्या पाया कसल्या पडता? तिची वाटी तेवढी द्या माझ्याकडे."

घरी आल्यावर आईने आमचा डबा उघडून उषाची वाटी शिगोशीग भरली आणि दारोदार निघाली. या वेळी मागायला नाही, वाटायला. "वानखड्यांकडे मुलगी झाली. त्यांच्या वाटीतली साखर घ्या." सांगलीच्या पोरांनी दोनदा घेतली. करकऱ्यांनी चिमूटभर घेतली आणि विचारलं, "नक्की किती वाजता झाली?" आईला सांगता येईना, तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं. सावंतकाकी दारात आल्या, वाटीकडे बघून घुटमळल्या. आई वाटी पुढे धरून उभी राहिली. हलेचना. शेवटी सावंतकाकींनी दोन बोटांत साखर घेतली आणि तोंडात टाकली.

"गोड आसा?" आईने विचारलं.

"साखरच ती. गोड आसतलीच," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

दिवेलागणीला आई परत आली. वाटीच्या तळाशी थोडी साखर उरली होती. मी देवापाशी दिवा लावत होते. बाबा खुर्चीतून उठले, मोरीत जाऊन हात धुतले, पंच्याला पुसले. मग आईसमोर येऊन उभे राहिले आणि एकदा खाकरले. जन्मभर कुणापुढे हात न पसरणाऱ्या माझ्या बाबांनी उजवा हात पुढे केला.

"परबकाकी," ते म्हणाले, "चिमूटभर साखर मिळात काय?"

आई हसली नाही. तिने उरलेली सगळी साखर त्यांच्या तळहातावर ओतली. बाबांनी अर्धी तोंडात टाकली आणि अर्धी तिच्या हातावर ठेवली. ती खाऊन आई उंबऱ्यावर बसली. समोर सूप नव्हतं, निवडायला तांदूळ नव्हते, तरी बसली. बाबाही तिच्या शेजारी बसले.